बॅलन्सिंग करूनही स्टेअरिंग पुन्हा थरथरतंय? आधी टायरची जन्मतारीख वाचा

एप्रिल उजाडला की माझ्याकडे तोच प्रकार. हिवाळाभर झाकून ठेवलेली गाडी बाहेर काढायची, तेलपाणी बघायचं, आणि पहिल्याच रविवारी काटा ताशी ५० मैलांच्या पुढे गेला की स्टेअरिंग हातात थरथरायला लागायचं. ५५ ते ६० च्या दरम्यान सगळ्यात जास्त, ६५ ला जरा शांत. मग टायरवाल्याकडे जायचं, बॅलन्सिंग करून घ्यायचं. महिनाभर बरं वाटायचं आणि पुन्हा सुरू. तीन वर्षांत पाच वेळा बॅलन्सिंग झालं, दोनदा अलाइनमेंट झाली, पुढचं एक बेअरिंग बदलून झालं. थरथर तिथेच.

गाडी १९७३ ची एमजीबी जीटी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तारांची चाकं, १७९८ सीसीचं इंजिन, ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात बाहेर पडलेल्या पाच लाखांहून जास्त एमजीबींपैकी एक. मी इंग्लंडमध्ये वॉरिकशायरला राहते, तो कारखाना होता तिथून साधारण तासाभरावर. जुन्या गाड्यांचं वेड मात्र पुण्यातलं, बाबांच्या प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या सीटवरचं.

इथल्या आणि पुण्या-मुंबईच्या ओळखीच्यांकडून हाच प्रश्न वारंवार येतो, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. प्रश्न बहुतेक असा असतो: "सगळं करून झालं, तरी थरथर परत येते. आता किंगपिन बदलून घेऊ का?" थांबा. किंगपिनला (पुढचं चाक ज्या खिळ्यावर वळतं त्याला) हात लावायच्या आधी पुढचं करून बघा. यातलं बरंचसं फुकट आहे.

थरथर कधी येते, कधी जाते

गाडी महिना-दोन महिने एका जागी उभी असेल आणि पहिल्या दहा-पंधरा मैलांत थरथर आपोआप विरत असेल, तर टायर खालून चपटे झालेत. गाडीचं वजन एकाच जागी पडून राहिलं की टायरच्या आतल्या धाग्यांना तो आकार लागतो. टायर गरम झाला की ते सुटतात. नव्या टायरला हे झालं तर काळजी नाही. जुन्या, कडक झालेल्या टायरमध्ये मात्र तो चपटेपणा हळूहळू कायमचा होतो. दर वर्षी थरथर जायला आदल्या वर्षीपेक्षा जास्त मैल लागत असतील तर ती खूण समजा.

ठरावीक वेगालाच थरथर येत असेल आणि गाडी गरम झाल्यावरही जात नसेल, तर बॅलन्सिंग, वाकलेली रिम किंवा गोलाई गेलेला टायर. ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर डिस्क बघा, हा लेख तुमच्यासाठी नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा. मोकळ्या पार्किंगमध्ये चालण्याच्या वेगाने सरळ जा आणि स्टेअरिंग नुसतं दोन बोटांनी धरा. ते आपणहून थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, पुन्हा डावीकडे असं डुलत असेल, किंवा चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला सीटखाली धपधप ठोके जाणवत असतील, तर टायरच्या आतले पोलादी पट्टे एकमेकांपासून सुटायला लागलेत. हे दिसलं की त्या टायरवर मोठ्या रस्त्याला जाऊ नका. घर जवळ असेल तर सावकाश घरी, नाहीतर टो करून.

चाक दोषी की गाडी, हे ठरवायला पुढची दोन्ही चाकं मागे आणि मागची पुढे लावा. थरथर स्टेअरिंगमधून निघून सीटमध्ये आली तर दोष चाकाबरोबर फिरतोय. स्टेअरिंगमध्येच राहिली तर मात्र किंगपिन, बेअरिंग, स्टेअरिंग रॅक यांच्याकडे वळायला हरकत नाही.

पेन्सिल आणि वीट

माझी थरथर सीटमध्ये आली. म्हणजे चाक. पण चाकातलं नेमकं काय, रिम की टायर?

पुण्यात सायकलवाल्याकडे चाकाचा आऊट काढताना ज्यांनी बघितलंय त्यांना हे शिकवायला नको. सायकल उलटी करायची, चाक फिरवायचं, ब्रेकच्या गुटक्याजवळ नजर ठेवायची आणि रिम कुठे आत-बाहेर होते ते बघत तारा आवळायच्या. इथेही तेच. गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा (नुसत्या जॅकवर कधीच नाही), चाकाजवळ विटांची चवड रचा आणि वरच्या विटेवर पेन्सिल अशी ठेवा की टोक रिमच्या कडेपासून कागदाएवढं दूर राहील. चाक हाताने सावकाश फिरवा. फट सगळीकडे सारखी राहिली तर रिम सरळ आहे. आता तीच पेन्सिल टायरच्या नक्षीसमोर आणा आणि पुन्हा फिरवा.

माझ्या चाकाची रिम जवळपास सरळ निघाली, साठच्या साठ तारा घट्ट. टायरसमोर पेन्सिल आणली तेव्हा मात्र एका जागी टोक नक्षीला टेकलं आणि अर्ध्या फेऱ्यानंतर तिथेच तीन-चार मिलिमीटरची फट पडली. हात फिरवला तेव्हा नक्षीच्या मधोमध तळहाताएवढी उंचवट्याची जागा लागली, इतकी सौम्य की डोळ्यांना दिसत नव्हती. असला टायर मशीनवर वजनं लावून 'बॅलन्स' होतो, शून्य ग्रॅम दाखवतो. पण बॅलन्स म्हणजे गोलाई नाही. अंड्याच्या आकाराचं चाकसुद्धा बॅलन्स करता येईल. पाच वेळा माझे पैसे तिथे गेले.

टायरच्या पोटातली तारीख

पेन्सिल-विटेने रोग सापडला होता. त्याचं कारण सापडलं त्याच दुपारी, योगायोगाने. हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, दात्यांना ग्रीस लावायचं म्हणून चाक काढून गॅरेजच्या फरशीवर आडवं ठेवलं होतं, आतली बाजू वर. बॅटरीचा उजेड तिरका पडला आणि डीओटी ही अक्षरं दिसली, टायरच्या कोडाची सुरुवात. पुढचं काही वाचता येईना, म्हणून मुलाच्या फळ्याचा खडू आडवा धरून घासला. उठावाची अक्षरं पांढरी झाली. शेवटी तीन आकडे: ३९८. त्यापुढे एक छोटा त्रिकोण.

टायरवर बनवल्याची तारीख असते. २००० पासून ती चार आकड्यांत लिहितात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. त्याआधी तीनच आकडे असत, दोन आठवड्याचे आणि एक वर्षाचा. मग ३९८ म्हणजे १९८८ की १९९८? नव्वदच्या दशकात काही कंपन्या पुढे तो त्रिकोण काढत, त्यामुळे माझा टायर १९९८ च्या सप्टेंबरातला. मी फरशीवर गुडघ्यांवर बसले होते तेव्हा २०२४ चा एप्रिल होता. तो टायर साडेपंचवीस वर्षांचा होता, आणि त्याच्यावर बसून मी मुलाला शाळेच्या सहलीच्या बसपर्यंत सोडून आले होते.

तीन वर्षांत हे कुणालाच का दिसलं नाही? कारण पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असतो. दुसऱ्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं पण तारीख नसते. माझ्या चारही टायरची तारखेची बाजू आत बसवलेली होती. गाडीखाली शिरल्याशिवाय दिसणार नाही. तेव्हा तुम्ही बाहेरून बघितलंत आणि आकडे सापडले नाहीत तर सोडून देऊ नका. आत बघा, खडू घेऊन. आकडे तीनच असतील तर पुढचं काही वाचायची गरज नाही, ते टायर या शतकातलेच नाहीत.

नक्षी सहा मिलिमीटर, टायर संपलेला

त्या टायरवर सहा मिलिमीटरच्या वर नक्षी शिल्लक होती. इथल्या कायद्याला १.६ लागते. म्हणून आधीच्या मालकाने बदलले नव्हते आणि म्हणून मीही वळून बघितलं नाही. आपल्या घरांतली शिकवण तर अशीच आहे. पद्मिनीचे टायर गुळगुळीत झाले की बाबा रिमोल्ड करून, म्हणजे नवी नक्षी चढवून आणायचे, नक्षी असलेला टायर काढून टाकणं म्हणजे माज समजला जायचा. रोज चाळीस किलोमीटर धावणाऱ्या गाडीला ते लागू होतं, तिचे टायर म्हातारे व्हायच्या आधी झिजायचे. वर्षाला हजार मैल फिरणाऱ्या गाडीत नेमकं उलटं होतं. टायर झिजतच नाही, जागच्या जागी म्हातारा होतो.

होतं काय, तर आतल्या हवेतला ऑक्सिजन रबरात मुरत राहतो आणि रबराच्या साखळ्या आणखी आणखी बांधल्या जातात. रबर टणक होतं. बाहेरून ओझोन ताणलेल्या जागी बारीक तडे पाडतो. यावर उपाय म्हणून रबरात मेण आणि ओझोनरोधक द्रव्यं घातलेली असतात. टायर चालताना दबतो-सुटतो तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीत ती वर येत नाहीत, त्यामुळे जपून ठेवलेल्या गाडीचे टायर उलट लवकर तडकतात. आणि सर्वांत वाईट बिघाड बाहेर दिसतच नाही. पोलादी पट्ट्यांच्या कडांशी असलेलं रबर कोरडं पडतं, पट्टे सुटतात आणि एके दिवशी नक्षीचा अख्खा पट्टा उलगडून येतो.

तडे नाहीत म्हणून टायर चांगला, असं कुणी म्हणालं तर मला ए३ रस्त्यावरचा अपघात आठवतो. सप्टेंबर २०१२ मध्ये आइल ऑफ वाइटवरच्या संगीत महोत्सवातून तरुण मुलांना लिव्हरपूलला परत नेणारी बस सरेमध्ये हाइंडहेडजवळ रस्ता सोडून झाडावर आदळली. पुढचा टायर फुटला होता. नक्षी कायद्यात बसणारी होती, टायर साडेएकोणीस वर्षांचा होता. तिघे गेले. त्यांतल्या अठरा वर्षांच्या एका मुलाच्या आईने पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये बस, कोच आणि लॉरीच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचे टायर लावायला बंदी आली. आपल्या छोट्या गाड्यांना हा नियम नाही. त्यातून ४० वर्षांहून जुन्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना मे २०१८ पासून एमओटी, म्हणजे दर वर्षीची तपासणीही सक्तीची नाही. म्हणजे तुमच्या गाडीचे टायर किती जुने, हे विचारणारं इथे कुणीही नाही. ते आपणच बघायचं.

फुटण्याआधी आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे ओल्या रस्त्यावरची पकड. आदल्या ऑक्टोबरात पावसाच्या पहिल्या सरीत एका गोलचौकात २५ च्या वेगाला माझ्या गाडीचा मागचा भाग बाहेर सरकला होता. मी तेव्हा रस्त्यावरच्या डिझेलला दोष दिला. आज तुम्ही घरी एवढंच करा: नक्षीच्या गट्ट्यात अंगठ्याचं नख दाबा, आणि मग रोजच्या गाडीच्या टायरमध्ये दाबा. माझ्या जुन्या टायरमध्ये नख रुतलंच नाही, पाट्यावर दाबावं तसं वाटलं.

किती वर्षांत बदलावे? मिशलँसारखी कंपनी सांगते की पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि दहा वर्षं झाली की दिसायला कसेही असोत, बदला. वेगाने चालवायच्या स्पोर्ट्स कारला मी दहाची वाट बघणार नाही. सात-आठला माझे निघतील.

मूळ टायरचं काय करायचं

इथे बोलणं अवघड होतं, कारण इथे प्रेम आड येतं. माझ्या गाडीच्या डिकीत फळीखाली स्टेपनी होती, तिचा पिरेली सिंतुरातो टायर १९७३ चा, कारखान्यातून गाडीबरोबर आलेला. जमिनीला बहुधा कधी टेकलाच नाही. नव्या टायरवर असतात त्या केसासारख्या रबरी काड्या अजून शाबूत. असा टायर बघितला की वाटतं, ही गाडी पूर्ण आहे. प्रदर्शनात परीक्षकही अशा गोष्टीपाशी थांबतात, आणि ते बरोबरच आहे. कारखान्याने गाडीला नेमकं काय घातलं होतं, हे सांगणारा तो पुरावा असतो.

पण पुरावा जपायचा असतो, त्याच्यावर बसून जायचं नसतं. स्टेपनी लागते ती अंधारात, पावसात, हायवेच्या कडेला, आणि तेव्हा पन्नास वर्षांच्या टायरवर घरी यायची वेळ यावी हे मला पटत नाही. मी तो काढला, हवा अगदी थोडी ठेवली, काळ्या पिशवीत गुंडाळून पलंगाखाली आडवा ठेवला. कार्डावर गाडीचा चॅसिस नंबर आणि टायरचा कोड लिहून आत घातलाय. गाडी कधी विकली तर तो टायर तिच्याबरोबर जाईल.

मूळ टायरवर गाडी चालवणाऱ्यांना मी एकच प्रसंग सांगते. ३० नोव्हेंबर २०१३ ला कॅलिफोर्नियात सांता क्लॅरिटा इथे अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे करेरा जीटीत गेला, तिच्या तपासात अपघाताचं कारण वेग असं ठरलं. पण टायर नऊ वर्षांचे होते, हीही नोंद तपासात आहे. त्या गाडीवर तेव्हा फार मैल झालेले नव्हते. गाडी जितकी ताकदवान, तितकं टायरचं वय महाग पडतं.

दिसण्याचा प्रश्न आता तितका राहिलेलाही नाही. पिरेली आणि मिशलँ या दोघांनी जुन्या गाड्यांसाठी त्या काळच्या नक्षीचे आणि मापांचे टायर पुन्हा काढलेत. जुन्या साच्याचा चेहरा, आत आजचं रबर. महाग आहेत, पण १९७३ ची गाडी १९७३ सारखी दिसते आणि पावसात थांबते.

नवे घेताना

माझ्या गाडीचं माप १६५ एसआर १४. या जुन्या मापात उंचीचा आकडा (रुंदीच्या किती टक्के) नसतो, तो साधारण ८० धरायचा. म्हणजे आज १६५/८० आर १४ मागायचं. दुकानात "१८५/६५ बसतो की" म्हणून सांगतील. बसतो, पण चाकाची उंची ६२० मिलिमीटरवरून ५९६ वर येते. मग स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा चारेक टक्के जास्त दाखवतो, इंजिन जास्त फिरतं, आणि साडेचार इंची तारांच्या रिमवर रुंद टायर फुगून बसतो. स्टेअरिंगही जड होतं. ही गाडी अरुंद टायरसाठीच बनलेली आहे. वळणावर तिचं हळूहळू सरकणं हाच तिचा स्वभाव आहे.

टायर घरी आले की बसवण्याआधी तारीख वाचा. मला एका विक्रेत्याने पहिल्यांदा पाठवलेले चार टायर 'नवे' होते, कागद चिकटलेले, आणि २०१६ चे. परत केले. गोदामात पडलेला टायरही म्हातारा होतोच.

तारांच्या चाकांना ट्यूब लागते, आणि ट्यूब प्रत्येक वेळी नवीच घ्या, रेडियल टायरसाठीची. टायरच्या आत कागदी लेबलं असतील तर खरवडून काढा, नाहीतर तीच ट्यूबला घासून महिन्याभरात भोक पाडतात. तारांच्या टोकांवर रबरी पट्टी नवी लावा. ट्यूबला शंखजिरं चोळून मगच आत घाला. हे काम मी दुकानात उभी राहून करून घेतलं. पोराने शंखजिरं कधी बघितलं नव्हतं, पण सांगितल्यावर नीट केलं.

बॅलन्सिंगची शेवटची गोम इथे आहे. तारांचं चाक हबवर आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन उतारांवर बसतं. मशीनवरही ते त्याच दोन उतारांवर, योग्य शंकू लावून धरायला हवं. साध्या गाडीचा शंकू मधल्या भोकात घातला तर चाक तिरकं बसतं आणि मशीन खोटं सांगतं. तपासायची रीत सोपी: बॅलन्स झालेलं चाक काढा, अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा आणि मशीन चालवा. आकडा शून्यच आला तर काम झालं. बदलला तर दुसरा टायरवाला शोधा.

हवा हँडबुकात पुढे २१ पौंड, मागे २४ आहे. मी दोन-तीन पौंड जास्त ठेवते, स्टेअरिंग हलकं राहतं. पहिले शंभर मैल बेताने चालवा, नव्या टायरवर साच्यातलं तेल असतं.

हिवाळ्यात गाडी उभी राहणार असेल तेव्हा हवा ३५ पर्यंत वाढवा आणि पंधरा दिवसांनी गाडी पाऊणेक चाक पुढे ढकला. टायर चमकवायचे तेलकट स्प्रे वापरू नका, त्यांनी रबरातलं संरक्षक मेण निघून जातं. साबणपाणी पुरे. वेल्डिंग मशीन किंवा ब्रशवाली मोटर चालते त्या खोलीत टायर ठेवू नका, तिथे ओझोन तयार होतो.

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी

तुमच्याकडे ऊन आणि उकाडा आमच्यापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे माझे आकडे तुम्ही कमीच करून घ्या. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हीए मालिकेची वेगळी नोंदणी दिली. ती घेतलेली गाडी रोज चालवता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, इंधन आणि दुरुस्तीसाठी बाहेर निघते. म्हणजे तिचे टायर झिजून कधीच संपणार नाहीत, वयानेच संपणार. कोथरूडच्या एका मित्राच्या एमजी टीडीचे टायर मी दिवाळीत बघितले. लाखासारखे चकचकीत, रॅलीच्या आदल्या दिवशी पॉलिश केलेले. आत खडू फिरवला तर तीन आकडे. तो म्हणाला, "अगं पण वर्षातून दोनदा तर निघते गाडी, खोपोलीपर्यंत." मी म्हटलं, उतरताना खंडाळ्याचा घाट आहे ना मध्ये?

त्याने नवे मागवलेत, साडेपाच बाय पंधराचे. आले की तारीख वाचून मला फोटो पाठवणार आहे.

माझ्या गॅरेजच्या दाराच्या आतल्या बाजूला आता मास्किंग टेपवर पाच ओळी आहेत: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, स्टेपनी. प्रत्येकापुढे आठवडा आणि वर्ष. या वेळी बसवताना तारखेची बाजू मुद्दाम बाहेर घेतली. पाचही २०२४ च्या फेब्रुवारीतले आहेत. गेल्या एप्रिलमध्ये गाडी बाहेर काढली, पहिल्या आठ मैलांत थोडी थरथर होती, नवव्याला गेली.